पिकअपच्या केबिनमधली घुमघुम अशी थांबली

माझी २००९ची डिझेल पिकअप. रताळ्याची पोती भरून खानापूरहून बेळगावला निघालो की साठाच्या वेगाला केबिन घुमू लागायची. वेग वाढवला की कमी व्हायची, पुन्हा साठावर आलो की सुरू. घरी पोहोचलो तरी कान भणभणायचे.

सगळे म्हणाले, सायलेन्सर बदल. मी आधी गळती शोधली. इंजिन थंड असताना चालू केलं आणि मागच्या नळीवर जाड ओला फडका क्षणभर दाबून धरला. मधल्या जोडाशी फसफस ऐकू आली. तिथे काजळीचा काळा ओघळही होता. पॅकिंग जळून कागदासारखं झालेलं. ही गळती केबिनखालीच असेल तर आवाजापेक्षा धुराची भीती जास्त, म्हणून आळस करू नका.

पॅकिंग बदलल्यावर फसफस गेली, घुमघुम राहिली. मग मेस्त्रीमामांनी नळी हाताने हलवून दाखवली. टांगायची तीन रबरं ताठून चिरली होती, नळी चेसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, टेकत होती. चार सिलिंडरच्या इंजिनात मिनिटाला २००० फेऱ्या झाल्या की ४००० स्फोट होतात, म्हणजे सेकंदाला सुमारे ६७. तोच थरथराट चेसिसमधून थेट पत्र्यात उतरत होता.

तिन्ही रबरं नवी घातली, नळी दोन बोटं खाली घेतली. सायलेन्सर जुनाच ठेवला. काल येताना शेजारी बसलेल्या आईशी साध्या आवाजात बोलत आलो.