पुस्तकांची ऑनलाइन नोंद करताय? या चुका टाळा

घरची पुस्तकं गुडरीड्स, लायब्ररीथिंग किंवा स्टोरीग्राफ या पुस्तकांच्या याद्या ठेवायच्या साइट्सवर चढवायला बसलं की पहिले दोनशे ग्रंथ भराभर होतात. बारकोड दाखवा, मुखपृष्ठ दिसलं की पुढचं घ्या. घोळ लक्षात येतो तो काही महिन्यांनी. अनुवाद मूळ भाषेतल्या पुस्तकाच्या नावाने नोंदलेला असतो, एकच कादंबरी तीनदा दिसते, पानांची संख्या कुठल्या तरी भलत्याच प्रतीची निघते.

मुळाशी बहुतेक वेळा आवृत्तीची चूक असते. या साइट्स ‘कृती’ (लेखकाने लिहिलेलं मूळ पुस्तक) आणि ‘आवृत्ती’ (त्याची एखादी छापील प्रत किंवा अनुवाद) वेगळ्या धरतात. वाचकांनी गुण म्हणून दिलेले तारे आणि परीक्षणं कृतीपाशी एकत्र होतात. प्रकाशक, वर्ष, पानं आणि अनुवादक आवृत्तीपाशी राहतात. नाव टाकून शोधलं की सहसा सर्वांत लोकप्रिय आवृत्ती वर येते आणि आपण तीच उचलतो. मला यात सर्वांत जास्त खटकतं ते अनुवादकाचं नाव गळणं. ज्याच्या शब्दांतून आपण पुस्तक वाचलं, त्याचाच यादीत पत्ता नसतो. म्हणून आवृत्त्यांची पूर्ण यादी उघडा आणि हातातल्या प्रतीशी ताडून पाहा. चुकीची आवृत्ती आधीच नोंदली असेल, तर पुस्तक काढून पुन्हा टाकू नका. गुडरीड्सवर पुस्तक शेल्फवरून काढलं की तुमचे तारे आणि परीक्षणही जातं. तिथे आवृत्ती बदलायची सोय आहे, ती वापरा.

आता आयएसबीएन, म्हणजे प्रत्येक आवृत्तीला मिळणारा आंतरराष्ट्रीय पुस्तक क्रमांक. १ जानेवारी २००७ पासून तो १३ अंकी झाला. त्याआधी १० अंकी होता. जुन्या क्रमांकाच्या पुढे नुसतं ९७८ लावलं तर शोध फसतो, कारण शेवटचा तपासणी अंक (आधीच्या अंकांवरून हिशेबाने येणारा) नव्याने काढावा लागतो. ०३०६४०६१५२ चा १३ अंकी क्रमांक ९७८०३०६४०६१५७ होतो. शेवटचा २ जाऊन ७ येतो. दहा अंकी क्रमांकाच्या शेवटी ‘एक्स’ दिसला तर तो छपाईचा दोष नाही. तो १० या आकड्याच्या जागी असतो, तसाच टाइप करा. स्कॅन केलेला क्रमांक ९७८ किंवा ९७९ ने सुरू होत नसेल, तर तो दुकानासाठीचा उत्पादन क्रमांक असू शकतो. अशा वेळी आतलं प्रकाशन-तपशिलाचं पान बघा. खंडांच्या संचात संपूर्ण संचाचा आणि एकेका खंडाचा क्रमांक वेगळा असू शकतो, हेही तिथेच कळतं.

१९७० पूर्वीच्या पुस्तकांवर सहसा आयएसबीएन नसतोच. तिथे कंटाळून नव्या आवृत्तीचा क्रमांक चिकटवू नका. वर्ल्डकॅट (जगभरच्या ग्रंथालयांची एकत्रित सूची) किंवा ओपन लायब्ररी या ऑनलाइन सूचीत जुनी नोंद शोधा, नाहीतर हाताने भरा. पाच मिनिटं लागतात.

मराठी पुस्तक ‘सापडत नाही’ म्हणून नवी नोंद करण्याआधी देवनागरी आणि रोमन, दोन्ही लिप्यांत शोधा. रोमनमध्ये एकाच नावाची तीन-चार स्पेलिंगं असतात. देवनागरीतही ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ ही जोडाक्षरं संगणकात दोन प्रकारे साठवली जातात. दिसायला सारखी, पण शोधयंत्राला ती वेगळी वाटू शकतात. शीर्षकातला असा शब्द वगळून लेखकाच्या नावाने शोधलं की पुष्कळदा काम होतं.

यादीची प्रत स्वतःकडे ठेवा. डिसेंबर २०२० मध्ये गुडरीड्सने एपीआयच्या, म्हणजे बाहेरच्या अॅप्सना साइटवरची माहिती घेऊ देणाऱ्या सोयीच्या, नव्या चाव्या देणं थांबवलं, तेव्हा तिच्यावर विसंबलेली बाहेरची अॅप्स अडचणीत आली. पण साइटवरून उतरवून घेतलेली यादीची सीएसव्ही फाइल (रकाने स्वल्पविरामांनी वेगळे केलेली साधी फाइल) एक्सेलमध्ये डबल-क्लिक करून उघडू नका. आयएसबीएन ९.७८ई+१२ असा आखडू शकतो, दहा अंकी क्रमांकाच्या सुरुवातीचं शून्य उडू शकतं आणि तशीच सेव्ह केली तर क्रमांक कायमचे गेले. फाइल ‘इम्पोर्ट’ करा, त्या रकान्याला ‘टेक्स्ट’ हा प्रकार द्या आणि एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-८ निवडा. देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं दिसली तर दोष एन्कोडिंगचा असतो. फाइल सेव्ह न करता बंद करा आणि मूळ प्रत पुन्हा उघडा.

नवी पुस्तकं शोधताना सरासरी ताऱ्यांवर विसंबू नका. सात जणांच्या ४.८ पेक्षा दोन सविस्तर परीक्षणं जास्त सांगतात. लायब्ररीथिंगवर तुमच्याशी जुळणारा संग्रह असलेले सदस्य दिसतात. तुमच्याकडचं दुर्मीळ पुस्तक ज्याच्याकडेही आहे, त्याचं कपाट आधी चाळा.