जुन्या कुऱ्हाडीचं पाणी राखायचं कसं

जुनी कुऱ्हाड घेताना दांड्याकडे बघू नका, तो बहुतेकदा बदलायचाच असतो. बघायचं ते पातं. पुण्यात मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी अशी पाती सापडतात. तालुक्याच्या गावी भंगारवाल्याकडे तर ती वजनावर मिळतात.

मी कारखान्यात फिटर होतो, त्यामुळे पिशवीत एक बारीक कानस कायम असते. विकणाऱ्याला विचारून ती धारेवर हलकेच ओढा. किंचित अडत, बारीक कीस काढत चालली तर पोलादाचं पाणी, म्हणजे भट्टीत दिलेला कडकपणा, शाबूत आहे. काचेवरून घसरावी तशी घसरली तर धार फार कडक आहे, तिचे तुकडे उडतील. सहज रुतली तर पाणी गेलेलं आहे. मग नेढं, म्हणजे दांडा बसतो ते भोक, उजेडाकडे धरून त्याच्या कडांना केसाएवढी चीर आहे का ते पाहा. चीर असेल तर पातं कितीही देखणं असो, खाली ठेवा. तुंबा, म्हणजे धारेच्या उलटी बोथट बाजू, ठोकून ठोकून पसरलेला असेल तर नेढं आतून दबलेलं असू शकतं.

अडकलेलं लाकूड काढायला पातं चुलीत टाकतात. कृपा करून हे करू नका. तापवलेलं पोलाद साधारण २३० अंशांना पिवळसर दिसतं आणि ३०० च्या आसपास निळं. धार निळी झाली म्हणजे तिचा कडकपणा उतरला, आणि तो परत आणायला लोहाराची भट्टीच लागते. त्यापेक्षा दांडा नेढ्याला लागून कापा, आतल्या लाकडाला ड्रिलने भोकं पाडा आणि छिन्नीने ठोकून बाहेर काढा. वेळ जातो, पण पातं वाचतं.

गंजासाठी पांढरं व्हिनेगर पुरतं. प्लॅस्टिकच्या डब्यात पातं पूर्ण बुडवून एक रात्र ठेवा. सकाळी तारेच्या ब्रशने घासा, खायच्या सोड्याच्या पाण्यात धुवा, लगेच कोरडं पुसून तेलाचा हात फिरवा. डबा तसाच दोन-तीन दिवस राहिला तर आम्ल चांगल्या धातूलाही खातं.

या कामातला मला सगळ्यात आवडणारा क्षण इथेच येतो. लोहाराने हाताने घडवलेलं जुनं पातं असेल, तर धारेपासून दोन-तीन बोटांवर एक वाकडीतिकडी रेघ उमटते. तिच्या वर फिकट राखाडी लोखंड, खाली गडद पोलाद. पोलाद महाग, म्हणून अंग साध्या लोखंडाचं करून फक्त धारेपुरतं पोलाद त्यात बसवायचं आणि भट्टीत ठोकून एकजीव करायचं. भाता आणि ऐरण घेऊन गावोगाव फिरणाऱ्या घिसाड्यांच्या आणि गावच्या लोहारांच्या हातची ही कसरत त्या रेघेत वाचता येते. ट्रकच्या कमानपाट्यापासून केलेल्या पात्यात ती दिसत नाही. तिथे सगळंच पोलाद असतं. १९२५ पासून अवजारं बनवणाऱ्या टाटा ॲग्रिकोचा ठसा कधी गंजाखालून वर येतो, कधी लोहाराने मारलेले ठिपके. हे सगळं पॉलिशच्या चाकाखाली कायमचं जातं, म्हणून मी पातं चकचकीत करत नाही. काळपट राहू द्या.

धारेला ग्राइंडरही नको. पातळ कड क्षणात तापते आणि निळी पडते. पातं शिकंज्यात धरा, चामडी हातमोजे घाला आणि कानशीने दोन्ही बाजूंना सारखा उतार काढा. धारेचा एकूण कोन पंचवीस ते तीस अंश, ढलप्या फोडायच्या असतील तर थोडा जाड. मग ओल्या निसण्यावर गोल गोल फिरवून कानशीचे ओरखडे घालवा.

दांड्याला धावडा मिळाला तर सोनं. बैलगाडीच्या आसाला वापरायचे ते हे लाकूड, धक्का सोसणारं. नाहीतर पूर्ण सुकलेली बाभूळ. धागे या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेलेले हवेत; मध्येच बाजूला बाहेर पडले तर दांडा तिथेच मोडणार. नेढं वरच्या बाजूला रुंद असेल तर दांडा खालून घाला. तो चढवताना पातं खाली लोंबतं ठेवून दांडा हवेत धरा आणि त्याच्या मोकळ्या टोकावर लाकडी हातोडीने ठोका. जड पातं जागेवरच राहतं आणि दांडा त्यात घट्ट सरकत जातो. मग वरच्या टोकाला आधीच दिलेल्या खाचेत कोरडी पाचर मारा.

दांड्याला घाण्यावरचं जवसाचं तेल, पातळ हात, सुकू देत देत. तेलाच्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल सुकताना तापतं आणि चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. त्या उघड्यावर पसरून वाळवा.

दांडा ढिला झाला की कुऱ्हाड पाण्यात बुडवून ठेवायची सवय घरोघरी आहे. लाकूड फुगतं, नेढ्यात त्याचे धागे दबतात, आणि वाळल्यावर ते आधीपेक्षा जास्त ढिलं होतं. त्याऐवजी पाचर आणखी ठोका, आणि ती पुरती आत गेली असेल तर काढून जाड पाचर बसवा.