ऑफर लेटरमधला मोठा आकडा

नाशिकची नोकरी सोडून हिंजवडीला जायचं म्हणताय? नुसत्या सीटीसीवर, म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षाला करणार त्या एकूण खर्चाच्या आकड्यावर, भुलू नका. त्यात बहुधा कंपनीच्या वाट्याचा पीएफ, ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम) आणि व्हेरिएबल पे (कामगिरीनुसार कमी-जास्त होणारा पगार)सुद्धा धरलेला असतो. एचआरकडून दरमहा हातात पडणाऱ्या पगाराचा तक्ता मागा. त्यातून घरभाडं, डबा, शनिवार-रविवारच्या फेऱ्या वजा करा. सध्याच्या ठिकाणी साडेचार वर्षं झाली असतील तर जरा दमानं घ्या. कायम नोकरीत ग्रॅच्युइटी साधारण 5 वर्षांनी पदरात पडते. प्रोबेशनमध्ये किती दिवसांच्या नोटिशीवर काढता येतं, ते कलम नीट वाचा, खरी गोम तिथेच असते. बिऱ्हाड सोबत नेणार असाल, तर मुलं झोपायच्या आत घरी पोचता येतं का, हे तिथं काम करणाऱ्यालाच विचारा. एचआर ‘फ्लेक्सिबल टायमिंग’ म्हणणारच.