मैद्याचे काजू : या चुका टाळा

नावाला काजू, पण आत मैदा, रवा, तेल, मीठ आणि ओवा एवढंच. पाच जिन्नसांचा हा पदार्थ बहुतेकदा बिघडतो तो मोहन (पिठाला चोळायचं गरम तेल) आणि आच या दोन ठिकाणी.

प्रमाण असं : पाव किलो मैदा, दोन मोठे चमचे बारीक रवा, चार मोठे चमचे तेल, पाऊण छोटा चमचा मीठ, अर्धा छोटा चमचा ओवा. तेल कडकडीत तापवून घाला आणि हाताला सोसेल इतकं निवलं की पिठाला चांगलं चोळा. मग मूठ वळून बघा. मुटका टिकला तर मोहन पुरेसं झालं. वळलाच नाही तर काजू दातांना दगडासारखे लागतील. खुसखुशीत व्हावेत म्हणून अंदाजाने आणखी तेल ओतलंत, तर मात्र ते कढईत फसकतात आणि तळाशी नुसता चुरा साचतो. सोडा नकोच, त्याने काजू फुगतात, आकार जातो आणि तेलही जास्त पितात.

पाणी एकदम ओतू नका. साधारण ८० ते १०० मिली पुरतं. पीठ पुरीपेक्षा घट्ट हवं. वीस मिनिटं झाकून ठेवा, नाहीतर लाटताना पोळी आखडते.

पोळी ५ ते ६ मिमी जाड लाटा. पातळ लाटली की काजूच्या पुऱ्या होतात! पाण्याच्या बाटलीचं टोपण कडेला दाबून पहिला तुकडा काढा. तो काजूसारखा दिसणार नाही, बाजूला ठेवा. आता टोपण सेंटीमीटरभर आत सरकवत दाबत जा, प्रत्येक वेळी चंद्रकोर सुटते. उरलेले तुकडे एकदाच मळून लाटा. पुन्हापुन्हा मळलं तर काजू चिवट होतात.

‘वरून लाल, आतून मऊ’ ही तक्रार सर्वांत जास्त येते. कारण एकच, तेल फार तापलेलं असतं. तुकडा टाकल्यावर तो आधी तळाशी जावा आणि बारीक बुडबुड्यांसह सावकाश वर यावा. मंद आचेवर एका घाण्याला दहा-बारा मिनिटं लागतातच. फिकट बदामी दिसले की काढा, बाहेर आल्यावर रंग थोडा चढतो.

काळं मीठ, मिरपूड, चाट मसाला गरम असतानाच भुरभुरवा. गार काजूंना मसाला चिकटत नाही. डब्यात मात्र पूर्ण गार झाल्यावरच भरा, कोमट भरले तर वाफ धरून दुसऱ्या दिवशी सादळतात. आणि पाहुण्यांपैकी कुणाला गहू चालत नसेल, तर बशी पुढे करण्याआधी हे काजू कशाचे आहेत ते सांगा.