हनुवटीचे राठ केस आणि पहाटेची ड्युटी

तीन वर्षं मी रोज पहाटे चारला उठून हनुवटीवरून रेझर फिरवला. एसटीत कंडक्टर आहे मी, पहिली गाडी साडेपाचची. सुट्ट्या पैशांवरून वाद घालताना प्रवासी थेट तोंडाकडे बघतो. आईला रेझर सापडला तेव्हा तिने कपाळाला हात लावला, "अगं, आता दाढी फुटेल तुला!" ती फुटली होती म्हणूनच तर आणला होता.

रेझरने केस दाट होत नाहीत. केसाचं टोक मुळात निमुळतं असतं, पात्याने ते बोथट कापलं जातं, म्हणून बोटाला खरखर लागते. मूळ कातडीखाली असतं, तिथवर पातं पोचतच नाही. थ्रेडिंगने मात्र माझ्या हनुवटीवर पुळ्या आणि मग काळे डाग उरले, आणि ते डाग केसांपेक्षा जास्त दिसायचे.

माझी रीत अशी. कोमट पाण्याने तोंड धुवायचं, ओल्या त्वचेवर कोरफडीची साधी जेल लावायची, एका हाताने कातडी ताणायची आणि केस ज्या दिशेला वाढतात त्याच दिशेने एकेरी पात्याचा रेझर हलक्या हाताने फिरवायचा. एकाच जागी चारदा घासायचं नाही. पातं चार-पाच वेळा वापरलं की टाकायचं. नंतर बिनवासाचं मॉइश्चरायझर, आणि उन्हात जायचं असेल तर सनस्क्रीन. मुक्कामी गाडी असली की हे सगळं एका छोट्या डबीत घेऊन जाते. विश्रांतीगृहातला आरसा वाईट असतो, तेव्हा स्वतःचा छोटा आरसाही.

हे झालं आलेल्या केसांचं. नवे येतात त्यांचं काय? लव प्रत्येकीच्या चेहऱ्यावर असते. अँड्रोजेन हे 'पुरुषी' म्हणवलं जाणारं हार्मोन बायकांच्या अंगातही असतंच. पीसीओडीत, म्हणजे बीजकोशांच्या हार्मोन बिघाडात, ते वाढलं, की लवेचे राठ, काळे केस होतात. म्हणून डॉक्टरांकडे जायलाच हवं, आणि जाताना एक चूक करू नका. मी पहिल्यांदा गुळगुळीत चेहऱ्याने गेले. डॉक्टर ओठ, हनुवटी, छाती, पोट, पाठ, दंड, मांड्या अशा नऊ जागा बघून प्रत्येकीला ० ते ४ गुण देतात. केसच नाहीत तर गुण कशाला देणार? पुढच्या वेळी तोंडाला मास्क लावून, आठवडाभर केस वाढवून गेले.

रक्ताच्या तपासण्यांत टेस्टोस्टेरॉन, थायरॉइड, प्रोलॅक्टिन, साखर आणि १७-ओएच प्रोजेस्टेरॉन होतं. या शेवटच्या तपासणीचं रक्त सकाळी आणि पाळीच्या सुरुवातीच्या दिवसांत द्यायचं असतं. अ‍ॅड्रिनल ग्रंथीचा एक जन्मजात बिघाड हुबेहूब पीसीओडीसारखा दिसतो, तो त्यातून कळतो. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर तपासणीआधीच सांगा, आकडे बदलतात. आणि केस काही महिन्यांतच झपाट्याने वाढले, आवाज घोगरा झाला, कपाळाच्या बाजूंना टक्कल पडू लागलं, तर हे वाचत बसू नका. त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. क्वचित शरीरात गाठ (ट्यूमर) असू शकते.

मला आधी गर्भनिरोधक गोळ्या दिल्या. लग्न न झालेल्या पोरीला या गोळ्या कशाला, असं मामी म्हणाली. त्या बीजकोशातलं अँड्रोजेन कमी करतात, म्हणून. बीपी असेल, रक्ताच्या गुठळ्यांचा इतिहास असेल, डोळ्यांपुढे चमकून मायग्रेन येत असेल, तर त्या चालत नाहीत, तेव्हा काही लपवू नका. पुढे सहा महिन्यांनी स्पायरोनोलॅक्टोन जोडलं. ती मुळात लघवी वाढवणारी गोळी! आठ तासांच्या फेरीत, स्थानकावरच्या संडासांची अवस्था तुम्हाला माहीतच आहे. डॉक्टरांना विचारून वेळ बदलून घेतली, ड्युटी संपल्यावर घेते. या गोळीवर असताना गरोदर राहायचं नाही, मुलग्याच्या गर्भाला धोका असतो. पोटॅशियमही तपासतात. मेटफॉर्मिन साखरेला आणि पाळीला उपयोगी पडतं, केसांवर त्याचा फारसा परिणाम नाही.

सहा महिने आरशात काही दिसलं नाही. आधीच उगवलेला केस आपलं आयुष्य संपवूनच गळतो, त्यामुळे गोळीचा फरक उशिरा दिसतो. दर एक तारखेला त्याच खिडकीत फोटो काढत होते म्हणून आठव्या महिन्यात कळलं, केस बारीक झालेत.

लेझरच्या बाबतीत मी हात पोळून घेतलाय, खरं तर गाल. एका पार्लरमध्ये सहा बैठकांचं पॅकेज घेतलं, दुसऱ्याच बैठकीत तपकिरी चट्टे. लेझर केसातल्या काळ्या रंगावर धरतं आणि आपल्या सावळ्या कातडीतही तोच रंग असतो. त्वचारोगतज्ज्ञाकडेच जा, सावळ्या त्वचेला एनडी-याग हे लेझर जास्त सुरक्षित. आधी चार-सहा आठवडे उपटणं, वॅक्सिंग बंद. मुळात केस हवा ना. रेझर चालतो. पांढऱ्या केसांवर लेझर चालत नाही, त्यांना इलेक्ट्रोलिसिस, म्हणजे एकेका केसाचं मूळ विजेने जाळणं. क्वचित चेहऱ्यावर लेझरने उलट जास्त केस येतात, तसं वाटलं तर लगेच सांगा. आणि पीसीओडीत नवे केस येत राहतात, वर्षात एखादी बैठक लागतेच.

बेसन-हळदीचा लेप आईने मला वर्षभर लावला. चेहरा छान झाला, केस जिथल्या तिथे. मेडिकलमधून विनाचिठ्ठी मिळणारी गोरेपणाची क्रीम मात्र लावू नका. तिच्यात स्टिरॉइड असेल तर लव आणखी वाढते. गल्लीतल्या दोघींना मी तीच सोडायला लावली.

सध्या रेझर चौथ्या दिवशी लागतो. पहाटे वीस मिनिटं जास्त झोपते.