ग्लोव्हज घातले म्हणजे हात धुतले नव्हेत! नर्सिंगमधल्या या चुका टाळा

ठाण्यात वॉर्डात उभं आयुष्य गेलं. निवृत्तीनंतर आता घोडबंदर रोडच्या सोसायट्यांमध्ये घरी ठेवलेल्या पेशंटची ड्रेसिंग आणि कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, बघते. जागा बदलली, चुका त्याच. नव्या मुली हुशार आहेत, औषधाचा डोस मोबाईलवर क्षणात शोधतात. नळापर्यंत चार पावलं जायचा मात्र कंटाळा.

सगळ्यात जुनं दुखणं म्हणजे ग्लोव्हज. स्टेशनजवळच्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये माझी नाइट होती. नव्या मुलीने जुलाबाच्या पेशंटचं डायपर बदललं, त्याच ग्लोव्हजनी शेजारच्या खाटेवरचं सलाईन नीट केलं, फाईल लिहिली आणि वाजलेला फोनही उचलला. ओरडले तर म्हणते, "सिस्टर, ग्लोव्हज घातलेत ना!" चार दिवसांत त्याच रांगेतल्या आणखी दोघांना जुलाब. ग्लोव्हजमुळेच झालं, हे कुणी शपथेवर सांगायला लावलं तर मला जमणार नाही. पण माझी झोप उडाली.

विसर्जन नुकतंच झालेलं. वॉर्डबॉयकडे पुडीत गुलाल उरला होता. चिमूटभर तिच्या ग्लोव्हजना चोळला आणि सांगितलं, या दोन रिकाम्या खाटांवर पेशंट आहेत असं समज आणि रोजच्यासारखं काम कर. पाच मिनिटांत खाटेचा कठडा, बीपीचा पट्टा, पेन, फाईल, फोन, कानामागे सारलेली बट, सगळं लाल. शेवटी चहाच्या कपाचा कानसुद्धा. त्यानंतर तिला काही सांगावं लागलं नाही.

ग्लोव्हज तुमचा हात वाचवतात, पुढच्या पेशंटला नाही. ते त्याच खाटेपाशी काढायचे, लाल पिशवीत टाकायचे आणि मग हात धुवायचेच, कारण काढताना हात बरबटतो आणि ग्लोव्हजना न दिसणारी भोकंही असतात. हँडरब, म्हणजे हाताला चोळायचं अल्कोहोल, २० ते ३० सेकंद चोळायचा, साबणाने धुवायचे तर ४० ते ६० सेकंद. मी घड्याळ बघत नाही. हँडरबला मनात एकदा 'शुभं करोति', साबणाला दोनदा. हँडरब अंगावरच वाळू द्यायचा, अ‍ॅप्रनला पुसायचा नाही. जुलाबाच्या पेशंटनंतर मात्र साबण-पाणीच, कारण क्लॉस्ट्रिडियम डिफिसील या जुलाब करणाऱ्या जंतूचे बीजाणू अल्कोहोलला दाद देत नाहीत. १८४७ साली व्हिएन्नात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने बाकीच्या डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. तरी लोक त्याच्यावरच उखडले. म्हणजे कंटाळा आजचा नाही.

दुसरी चूक घरोघरी दिसते. कासारवडवलीला चौदाव्या मजल्यावर एक आजोबा, ब्युरोकडून आलेली प्रेमळ मावशी. रोज सकाळी ती त्यांना व्हीलचेअरवरून खाली बागेत न्यायची, युरोबॅग, म्हणजे लघवीची पिशवी, त्यांच्या मांडीवर, वर टॉवेल. आठवडाभरात आजोबांना थंडी वाजून ताप. मावशी रडकुंडीला आली, "सिस्टर, लोकं बघतात, त्यांना लाज वाटते म्हणून झाकलं हो." तिचं मन चांगलंच होतं. पण पिशवी मूत्राशयाच्या वर गेली की साठलेली लघवी नळीतून उलटी आत शिरते, जंतूंसकट.

पिशवी कायम खाली, खुर्चीच्या दांडीला, पण जमिनीला न टेकता. लाजेवर उपाय म्हणून मी जुन्या साडीची खोळ शिवून देते. दोन तृतीयांश भरायच्या आत रिकामी करा, तोटी भांड्याला लावू नका, आणि "जरा धुऊन घेते" म्हणून नळी पिशवीपासून सोडवू नका. शिवाय रोज डॉक्टरांना विचारा, कॅथेटर अजून हवाच का? आत राहिलेल्या दर दिवसाला लघवीत जंतू सापडण्याची शक्यता ३ ते ७ टक्क्यांनी वाढते. त्या आजोबांच्या डॉक्टरांना विचारलं, आणि दोन दिवसांनी कॅथेटर निघालाच.

बाकीचं पटापट सांगते.

वापरलेल्या सुईला परत टोपण लावू नका. तशीच सुयांच्या पांढऱ्या डब्यात. लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बी बाधिताची सुई टोचली तर लागण १०० पैकी ३० जणांपर्यंत होऊ शकते. तिन्ही डोस झालेत का, आजच बघा.

स्पिरिटचे बोळे सकाळीच भिजवून बरणीत भरून ठेवू नका. ती बरणीच जंतूंचं घर होते.

कॅन्युलाचं, म्हणजे शिरेत लावलेल्या सलाईनच्या नळीचं, तोंड स्पिरिटच्या बोळ्याने १५ सेकंद घासा, मग वाळू द्या. फुंकर मारून नाही. हो, मी पाहिलंय.

टीबीचा संशय असेल तर पेशंटला साधा मास्क, तुम्हाला एन-९५, आणि पाऊस असला तरी खिडकी उघडी.

कोपराखाली घड्याळ, अंगठी, बांगड्या नकोत. हिरवा चुडा भरून रुजू झालेल्या नवरीला मी ड्रेसिंगच्या ट्रॉलीला हात लावू देत नसे. सासूबाई काय म्हणतील, हा प्रश्न ठरलेला. मग मी म्हणायचे, लाव फोन, मी बोलते. एकीने खरंच लावला. पलीकडून उत्तर आलं, "अहो, मीच तिला कालपासून सांगतेय."