लिक्विड रॉकेट इंजिनाची टेस्ट कशी करायची: पेटवायच्या आधीचं काम जास्त आहे

कॉलेजच्या टीमचा इंजेक्टर, म्हणजे इंधन आणि ऑक्सिजन आत फवारणारा भाग, मशीनवरून उतरला, ते जिथे जळतं तो चेंबर तयार झाला की सगळ्यांचा पुढचा प्रश्न एकच असतो, पेटवायचं कधी? माझं सरळ म्हणणं असं की पेटवणं हा टेस्टचा सगळ्यात शेवटचा आणि छोटा भाग आहे, चार-पाच सेकंदांचा, आणि आधीचं पाण्याचं आणि नायट्रोजनचं काम नीट झालं असेल तरच त्या सेकंदांतून काही शिकायला मिळतं, नाहीतर नुसता व्हिडिओ मिळतो.

इथे मी पंप नसलेलं, टाक्यांना नायट्रोजनचं प्रेशर देऊन चालणारं छोटं इंजिन धरलंय, इथेनॉल आणि लिक्विड ऑक्सिजनवरचं, म्हणजे लॉक्सवरचं. इथेनॉल ७५ टक्के आणि पाणी २५ टक्के, हेच मिश्रण जर्मनीच्या व्ही-२ मध्ये होतं, पाण्यामुळे ज्वाळेचं तापमान उतरतं आणि चेंबर वाचतो. इस्रोचं विकास इंजिन विक्रोळीला गोदरेजमध्ये बनतं म्हणून त्याचंच इंधन वापरू असं कोणी म्हणालं तर लगेच थांबवा, नायट्रोजन टेट्रॉक्साईड आणि हायड्राझिनच्या जातीची इंधनं भयंकर विषारी असतात, ते काम इस्रोच्या महेंद्रगिरीच्या टेस्ट केंद्रासारख्या ठिकाणीच होऊ शकतं.

सुरुवात कागदांपासून. प्रेशरचे सिलिंडर, क्रायोजेनिक म्हणजे अतिथंड द्रवाच्या टाक्या, इंजिन पेटवणाऱ्या इग्नायटरमधलं स्फोटक मिश्रण हे सगळं पेसोच्या, म्हणजे स्फोटकांच्या सुरक्षेचं बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या, कक्षेत येतं आणि पेसोचं मुख्य ऑफिस नागपूरलाच आहे, तर कॉलेजतर्फे, गाईड सरांना पुढे ठेवून आधीच विचारा कशाला परवाना लागतो. खासगी अंतराळ कामांना परवानगी देणाऱ्या अहमदाबादच्या इन-स्पेसशीही तेव्हाच बोला. गच्चीवर, हॉस्टेलच्या मागे, कोणाच्या शेतात गुपचूप असलं काही करायचं नाही, अजिबात नाही.

आता स्टँड. इंजिन आडवं असो की उभं, खाली काँक्रीट हवं, डांबर नको, कारण लॉक्स डांबरावर सांडलं आणि त्यावर नुसता बूट आपटला तरी स्फोट होऊ शकतो. लॉक्सच्या बाजूचा प्रत्येक पाईप, व्हॉल्व्ह, फिटिंग तेलाचा अंशही न ठेवता साफ करायचं, ऑक्सिजनला चालणारंच ग्रीस आणि सील वापरायचे, साफ झालेला भाग लगेच पिशवीत बंद करायचा आणि उघड्या हाताने परत धरायचा नाही. आणखी एक गोष्ट लोकांच्या ड्रॉइंगमध्ये हमखास राहते, दोन बंद व्हॉल्व्हच्या मध्ये लॉक्स अडकू शकतं अशा प्रत्येक जागी रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे प्रेशर वाढलं की आपोआप उघडणारा व्हॉल्व्ह, पाहिजेच. १ लिटर लॉक्सचा साधारण ८६० लिटर वायू होतो, त्याला बाहेर पडायला वाट नसेल तर तो पाईप फाडून वाट करतो.

व्हॉल्व्ह निवडताना स्वतःला विचारा, आत्ता वीज गेली तर काय होईल? उत्तर असं यायला हवं की इंधन आणि लॉक्सचे मेन व्हॉल्व्ह आपोआप बंद होतात आणि टाकीतलं प्रेशर बाहेर सोडणारे व्हेंट आपोआप उघडतात. हे कागदावर लिहून भागत नाही, पाणी भरून, प्रेशर देऊन, खरंच मेन स्विच पाडून बघा.

मग टाक्या आणि पाईप यांची प्रेशर टेस्ट, वापरायच्या प्रेशरच्या दीडपट, आणि ती पाण्यानेच, हवेने नाही, कारण दाबलेल्या हवेत साठलेली ऊर्जा पाण्यापेक्षा कितीतरी पट जास्त असते आणि टाकी फुटली तर तुकडे उडतात. त्यानंतर कमी प्रेशरचा नायट्रोजन सोडून प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावा, बुडबुडा दिसला की प्रेशर सोडूनच पाना लावायचा, प्रेशर असताना नट आवळायचा मोह भल्याभल्यांना होतो.

सगळ्यात जास्त वेळ मी पाण्याच्या फ्लो टेस्टला देईन. इंजेक्टरमधून ठराविक प्रेशरला पाणी सोडायचं, बादलीत धरायचं, वजन करायचं, वेळेने भागायचं. समजा इंजेक्टरच्या दोन्ही बाजूंत ४ बारचा फरक असताना इंधनाच्या बाजूने सेकंदाला ०.५० किलो पाणी गेलं, तर त्याच फरकाला तुमचं इथेनॉलचं मिश्रण किती जाईल? घनतेच्या वर्गमुळाने गुणायचं, मिश्रणाची घनता ०.८६ धरली तर साधारण ०.४६ किलो. चेंबरचं प्रेशर २० बार असेल तर हा ४ बारचा फरक म्हणजे २० टक्के होतो आणि सुरुवातीला तेवढा ठेवावाच, फार कमी ठेवला तर चेंबरमधलं प्रेशर उलटं पाईपवर ढकलायला लागतं, इंजिन धडधडतं. फवाऱ्याचे स्लो मोशन फोटो पण काढा, एक भोक बुजलेलं असेल तर तिथेच दिसतं.

मग इग्नायटर न लावता खऱ्या द्रवांनी, पण एका वेळी एकच द्रव, अशी कोल्ड फ्लो. ही आग नसलेली टेस्ट म्हणून कोणी जवळ थांबू नये. २६ जुलै २००७ ला कॅलिफोर्नियात मोजावेला स्पेसशिपटू या प्रवासी अंतराळयानाच्या इंजिनासाठी नायट्रस ऑक्साईडची फ्लो टेस्ट चालू होती, पेटवायचं काहीच नव्हतं, तरी स्फोट झाला आणि तीन माणसं गेली. लॉक्सऐवजी नायट्रस वापरणाऱ्या टीमनी हे लक्षात ठेवा की ३६.४ अंशांच्या वर नायट्रस द्रव राहतच नाही आणि विदर्भातल्या एप्रिल-मेच्या दुपारी सावलीतलं तापमानही त्याच्या वर असतं.

हॉट फायरच्या, म्हणजे खरंच पेटवायच्या, दिवशी लिहिलेली चेकलिस्ट एकाने मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने करून उत्तर द्यायचं. इग्निशनची चावी एकाच माणसाच्या खिशात, आणि तो स्टँडजवळ असेल तोपर्यंत सर्किट जोडलेलं नसतं. इग्नायटर पेटला याचा पुरावा मिळाल्याशिवाय मेन व्हॉल्व्ह उघडायचेच नाहीत, त्यासाठी चेंबरमध्ये एक बारीक तार ठेवतात, ती जळून तुटली तरच कंट्रोलर पुढे जातो. हे नसेल आणि न पेटलेलं इंधन-लॉक्स चेंबरमध्ये साचून उशिरा पेटलं तर हार्ड स्टार्ट होतो, म्हणजे चेंबर उडतो. बंद करताना आधी लॉक्स, मग इंधन, मग नायट्रोजनने धुवून काढायचं, शेवटी ऑक्सिजन जास्त राहिला तर गरम धातूच जळायला लागतो. पहिली टेस्ट १ सेकंदाचीच ठेवा. पेटलंच नाही तर कोणीही उठायचं नाही, लांबूनच व्हेंट करायचं, कॅमेऱ्यात दोन्ही टाक्यांचं प्रेशर शून्य दिसायला हवं, आणि त्यानंतरही ठरवलेला वेळ थांबायचं.

डेटाचं थोडक्यात, इंजिनाचा जोर मोजणारा लोड सेल स्टँडवर बसवल्यानंतरच माहितीच्या वजनांनी कॅलिब्रेट करा, वजन चढवताना आणि उतरवताना दोन्ही, कारण पाईपसुद्धा थोडा जोर खातात. चेंबर प्रेशर सेकंदाला किमान १००० वेळा नोंदवा, तापमानाला एवढं लागत नाही. नंतर चेंबर प्रेशर गुणिले थ्रोटचं, म्हणजे नॉझलच्या सगळ्यात अरुंद जागेचं, क्षेत्रफळ, भागिले एकूण फ्लो, हा आकडा काढून नासाच्या सीईए प्रोग्रामने दिलेल्या आदर्श आकड्याच्या किती टक्के येतो ते बघा. १०० टक्क्यांच्या वर उत्तर आलं तर आनंद नको, फ्लोचं किंवा प्रेशरचं मोजमाप चुकलंय. आणि थ्रोटचा व्यास टेस्टच्या आधी मोजला तसा थंड झाल्यावर परत मोजा, तो वाढला असेल तर गणितात कुठला व्यास धरला ते लॉगमध्ये लिहून ठेवा, मगच पुढच्या टेस्टचे सेकंद ठरवा.